पुढच्या वर्गात जाणे आणि पुढे जाणे

पावसाळ्यात डिंभे धरण भरत आले की आंबेगाव, जुन्नर, शिरूरकडच्या गावांत दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी असतात. एक क्युसेक आणि दुसरा टीएमसी. घोड नदीवरचे हे धरण, म्हणजेच हुतात्मा बाबू गेनू सागर, कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी एक. त्याची एकूण साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी आणि एक क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एखादा कालवा पाचशे क्युसेकने तीस दिवस चालला, तर किती पाणी गेले? पाचशे गुणिले ८६,४०० गुणिले तीस, म्हणजे १२९ कोटी ६० लाख घनफूट. सुमारे १.३ टीएमसी. पारावर बसून हा हिशेब करणारी माणसे या भागात आहेत आणि त्यांतल्या अनेकांनी कॉलेजची पायरी चढलेली नाही.

आता हाच हिशेब थोडा अवघड करू. कालव्याचा विसर्ग महिनाभर एकसारखा राहत नाही. आज पाचशे, उद्या साडेचारशे, परवा सहाशे. मग प्रत्येक छोट्या काळातला विसर्ग घेऊन तुकड्यातुकड्याने बेरीज करावी लागते. दुसरी गोष्ट धरणाच्या पोटाची. दरी तळाशी अरुंद आणि वर रुंद असते. त्यामुळे पाणी खाली असताना एक फूट चढले तर साठा थोडाच वाढतो, धरण भरत आलेले असताना तोच एक फूट पुष्कळ पाणी घेऊन येतो. किती? त्या पातळीला पाण्याचा जो विस्तार असेल, त्याचे क्षेत्रफळ गुणिले एक फूट, अगदी जवळपास तेवढे. बदलाचा दर काढणे आणि बारीक तुकड्यांची बेरीज करणे, या दोन कल्पनांवर कॅल्क्युलस नावाची गणिताची सारी शाखा उभी आहे. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ज्या विषयाला दचकतो, तो विषय असा त्याच्या गावाच्या उशालाच असतो.

आपल्याकडे म्हणतात, धरण उशाला आणि कोरड घशाला. पाण्याच्या बाबतीत ही म्हण जुनी आहे. गणिताच्या बाबतीतही ती लागू पडू नये, असे वाटत असेल तर एक प्रश्न विचारायला हवा. डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या आदिवासी वाड्यांमधून, घोडेगावच्या वसतिगृहांतून किंवा सकाळच्या एसटीने येणारी जी मुले-मुली पहिल्या वर्षाला गणित घेतात, त्यांतली किती तिसऱ्या वर्षापर्यंत गणितातच टिकतात? आणि जी टिकत नाहीत, ती नेमकी कोणत्या पायरीवर गळतात?

या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर ठरलेले असते: 'त्याला गणितात गतीच नव्हती.' हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यानंतर कोणालाच काही करावे लागत नाही. पण गणित हा असा विषय आहे की ज्यात प्रत्येक धडा आधीच्या धड्याच्या खांद्यावर उभा असतो. इतिहासात शिवकाल नीट वाचला नसेल तरी पेशवाई वाचता येते. गणितात सातवीचा अपूर्णांक कच्चा असेल तर बारावीचे डेरिव्हेटिव्ह हमखास अडते. आपल्या पूर्वसूरींना हे चांगले ठाऊक होते. ११५०च्या सुमारास भास्कराचार्यांनी 'लीलावती' रचली, तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी मापे, मग संख्यांची स्थाने, मग बेरीज-वजाबाकीपासून घनमुळापर्यंतच्या आठ क्रिया, मग अपूर्णांक, शून्य, त्रैराशिक आणि नंतर व्याज, श्रेढी, क्षेत्रफळ, खणलेल्या खड्ड्याचे घनफळ. एक पायरी चढल्याशिवाय दुसरी दिसतच नाही. अभ्यासक्रमाची आखणी म्हणतात ती हीच.

आजच्या विद्यार्थ्याची शिडी कशी आहे? दहावीपर्यंत गणिताचे दोन भाग, बीजगणित आणि भूमिती. अकरावीला विज्ञान घेतले तर गणित ठेवायचे, जीवशास्त्र ठेवायचे की दोन्ही, हा निर्णय. तो बहुतेक घरांत पंधरा-सोळाव्या वर्षी आणि शेजारच्या मुलाने काय घेतले यावरून होतो. बारावीला गणित नसेल, तर पदवीला गणित घेण्याची वाट सहसा तिथेच बंद होते. पुढे घोडेगाव, मंचर, जुन्नर इथली महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. म्हणजे काय शिकवायचे हे विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते आणि कसे, कोणत्या गतीने, कोणत्या आधाराने शिकवायचे, हे बरेचसे महाविद्यालयाच्या हाती राहते.

या विद्यापीठाने २०१९मध्ये पहिल्या वर्षासाठी जो आराखडा आणला, त्यात पहिल्या सत्रात बीजगणित आणि कॅल्क्युलसचा पहिला भाग होता. दुसऱ्या सत्रात वैश्लेषिक भूमिती आणि कॅल्क्युलसचा दुसरा भाग. कागदावर हा क्रम निर्दोष दिसतो. पण विद्यार्थ्याच्या जागी उभे राहून पाहा. बारावीत त्याने डेरिव्हेटिव्हची सूत्रे पाठ करून शेकडो उदाहरणे सोडवलेली असतात. पहिल्या वर्षाच्या वर्गात त्याला सांगतात की सूत्रे बाजूला ठेव, आधी वास्तव संख्या म्हणजे काय ते पाहू, मग अनुक्रम, मग सीमा, मग सातत्य. काल जे येत होते ते आज बाद आणि आज जे विचारतात ते कधी ऐकलेलेच नाही! इथे त्याचा पाय अडखळतो. हे अडखळणे तीन वेगळ्या कारणांनी होते आणि तिन्हींचे औषध वेगळे आहे.

पहिले कारण जुनी थकबाकी. समजा, 'एक छेद एक्स' या फलाचे डेरिव्हेटिव्ह व्याख्येवरून काढायचे आहे. त्यासाठी 'एक छेद एक्स अधिक एच' यातून 'एक छेद एक्स' वजा करावे लागते. एक पंचमांशातून एक सप्तमांश वजा करायला ज्याला छेद समान करणे सुचते, त्याचे गणित पुढे सरकते. ज्याला सुचत नाही, तो इथेच थांबतो आणि समजतो की आपल्याला 'लिमिट' येत नाही. वास्तविक त्याला लिमिट येते की नाही, हे पाहण्याची वेळच आलेली नसते. वर्गमुळाचेही तसेच. नऊ अधिक सोळा म्हणजे पंचवीस, त्याचे वर्गमूळ पाच. पण नवाचे तीन आणि सोळाचे चार, मिळून सात, असे लिहिणारे हात कॉलेजातही सापडतात. ही थकबाकी किती खोल असू शकते, याचा अंदाज 'प्रथम' संस्थेच्या 'असर' या २०२३च्या पाहणीवरून येतो. देशातल्या २८ जिल्ह्यांतल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे सुमारे ४३ टक्क्यांनाच जमले. ही मुले अकरावी-बारावीच्या उंबरठ्यावरची आहेत, हे लक्षात घ्या.

दुसरे कारण भाषा. मराठी माध्यमातला विद्यार्थी दहावीपर्यंत लंबदुभाजक, शिरोबिंदू, एकसामयिक समीकरणे या शब्दांत विचार करतो. अकरावीला विज्ञान शाखेत पाऊल टाकले की हे सगळे शब्द एका रात्रीत इंग्रजी होतात. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना हा धक्का कमी बसतो. पण वाडीवस्तीवरच्या शाळेतून, आश्रमशाळेतून आलेल्याला तो पुरता बसतो. काहींच्या तर घरची बोलीही पुस्तकातल्या मराठीपेक्षा वेगळी असते. तो प्रश्नातले गणित सोडवण्याआधी प्रश्नच सोडवत बसतो.

तिसरे कारण सर्वांत सूक्ष्म. शाळेत गणित म्हणजे उत्तर काढणे. कॉलेजात गणित म्हणजे उत्तर खरे का, हे सिद्ध करणे. आणि सिद्धतेत शब्दांच्या क्रमाला फार महत्त्व असते. 'प्रत्येक कुलुपाला एक किल्ली आहे' आणि 'एक किल्ली अशी आहे की जी प्रत्येक कुलुपाला लागते' ही दोन वाक्ये ऐकायला सारखी वाटतात. पण दुसरे खरे असेल तर चोरांची चंगळ! सीमेची जी व्याख्या पहिल्या वर्षाला मुलांना छळते, तिचे मर्म याच क्रमात आहे. तिला बाजारातला व्यवहार समजा. गिऱ्हाईक म्हणते, 'मला उत्तरात इतकाच फरक चालेल.' दुकानदार म्हणतो, 'मग मूळ संख्या अमुक अंतराच्या आत ठेवा, माझी हमी.' गिऱ्हाईक अट आणखी कडक करते, दुकानदार अंतर आणखी कमी करून देतो. गिऱ्हाइकाने कितीही कडक अट घातली तरी दुकानदार अंतर देऊ शकत असेल, तर सीमा आहे. फरक आधी मागितला जातो आणि अंतर नंतर दिले जाते, हे ज्याला कळले त्याला व्याख्या कळली. मराठीत असे दोनदा समजावल्यावर तेच इंग्रजी चिन्हांत लिहायला लावले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणावर एकाच वेळी उपाय होतो.

ही कारणे वेळीच ओळखली नाहीत तर काय होते? इथे आपल्या सर्वांच्या परिचयाची एक सोय आड येते, ती म्हणजे एटीकेटी. काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात बसता येते. एका नापास विषयापायी मुलाचे वर्ष वाया जाऊ नये, हा त्यामागचा हेतू चांगलाच आहे. ज्या मुलीचे वर्ष गेले तर घरचे लग्नाची बोलणी सुरू करतील, तिच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. पण कॅल्क्युलसचा पहिला भाग राहिला असताना दुसऱ्या भागाच्या वर्गात बसणे म्हणजे खालची पायरी नसताना वरच्या पायरीवर पाय ठेवणे. नियमाने विद्यार्थी पुढच्या वर्गात गेला. गणितात तो जिथे होता तिथेच आहे. पुढच्या वर्गात जाणे आणि पुढे जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली व्यवस्था पहिली गोष्ट बारकाईने मोजते. दुसरी मोजतच नाही.

मग उपाय काय? सहज सुचणारा उपाय असा की कच्च्या मुलांना आधी वेगळा वर्ग लावा, पाया पक्का करा आणि मगच मुख्य अभ्यासक्रमाला बसवा. ऐकायला हे रास्त वाटते. अमेरिकेत हा प्रयोग अनेक वर्षे मोठ्या प्रमाणावर झाला. प्रवेशाच्या वेळी चाचणी घ्यायची आणि गुण कमी पडले की शाळेचेच बीजगणित कॉलेजात पुन्हा शिकवायचे. त्यात एक साधे अंकगणित आड आले. समजा, मुख्य अभ्यासक्रमाआधी दोन वर्ग लावले आणि प्रत्येक टप्पा शंभरातले सत्तर जण पार करतात. पहिल्यानंतर उरले सत्तर, दुसऱ्यानंतर एकोणपन्नास आणि मुख्य अभ्यासक्रम पार करणारे सुमारे चौतीस. कोणताही एक टप्पा फार कठीण नसताना दोन तृतीयांश मुले गळाली. कालव्याच्या प्रत्येक मैलाला थोडे थोडे पाणी झिरपले की शेपटाच्या शेतकऱ्याला काय मिळते, हे कुकडीच्या लाभक्षेत्रात कोणाला सांगायला नको.

न्यूयॉर्क शहराच्या विद्यापीठाने २०१३मध्ये आपल्या तीन महाविद्यालयांत याची रीतसर तपासणी केली. बीजगणितात कच्चे ठरलेल्या सुमारे नऊशे विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले. एका गटाला नेहमीचे प्राथमिक बीजगणित, दुसऱ्याला तेच अधिक साप्ताहिक मदतवर्ग आणि तिसऱ्याला थेट कॉलेजच्या पातळीचे संख्याशास्त्र अधिक मदतवर्ग. पहिल्या गटातले सुमारे ३९ टक्के उत्तीर्ण झाले, दुसऱ्यातले ४५ आणि तिसऱ्यातले ५६. पुढच्या तीन वर्षांत पदवी मिळवण्यातही तिसरा गट पुढे राहिला. कॅलिफोर्निया राज्याने तर २०१७मध्ये कायदाच करून अशा वेगळ्या वर्गांत मुलांना अडकवून ठेवण्यावर मर्यादा आणली.

यावरून 'बीजगणित नकोच' असा निष्कर्ष मात्र काढू नये. ज्याला वनस्पतिशास्त्र, अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्राकडे जायचे आहे, त्याला संख्याशास्त्र अधिक कामाचे आणि ते त्याला थेट द्यावे. ज्याला भौतिकशास्त्र, संगणक किंवा गणितच करायचे आहे, त्याची बीजगणितातून सुटका नाही. त्याच्यासाठी धडा इतकाच की मदत आधी देऊन वाट अडवू नका, मदत सोबत द्या. ज्या आठवड्यात व्याख्येवरून डेरिव्हेटिव्ह काढायचे आहे, त्याच आठवड्यात एक जादा तास अपूर्णांकांच्या वजाबाकीला. गरज समोर उभी असताना शिकलेला अपूर्णांक सातवीतल्या अपूर्णांकापेक्षा लवकर डोक्यात बसतो.

आपल्याकडे यासाठी आताची वेळ महत्त्वाची आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये आले आणि महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५पासून पहिल्या वर्षाला लागू झाले. आता मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय अशी मांडणी आहे. एक वर्ष करून प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्या वर्षानंतर ऑनर्स, असे टप्पेही आहेत. त्यात संधी आहे. विज्ञानाबाहेरच्या मुलांनाही उपयोगी गणित देता येईल, कर्जाचा हप्ता, मतदानाचे अंदाज, पावसाची सरासरी असे काही शिकवता येईल. पण धोकाही आहे. पहिल्या वर्षाच्या गणितात अडकलेल्या मुलाला हाती प्रमाणपत्र देऊन सन्मानाने दार दाखवणे आता सोपे झाले आहे. बाहेर पडण्याची सोय ही ज्याला बाहेर पडायचे आहे त्याच्यासाठी असावी. ज्याला शिकायचे आहे पण आधार मिळाला नाही, त्याच्यासाठी नव्हे.

एका क्रेडिटला वर्गातले पंधरा तास, म्हणजे दोन क्रेडिटच्या विषयाला तीस. प्रवेश लांबले, सण आले, पावसात घाटातली एसटी बंद पडली आणि त्यांतले सहा तास बुडाले, तर पाचवा हिस्सा गेला. ज्या घरात चुकलेला तास समजावणारे कोणी नाही, तिथे तो हिस्सा परत येत नाही. म्हणून आखणी करताना तीसच्या तीस तास नव्या धड्यांनी भरून टाकणे ही कागदावरची आखणी झाली.

छोट्या महाविद्यालयालाही खर्चाशिवाय करता येण्यासारख्या काही गोष्टी आहेत. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासाची एक चाचणी घ्यावी: अपूर्णांकांची वजाबाकी, ऋण संख्यांचा गुणाकार, एक वर्गमूळ, आलेखावरून चढ वाचणे आणि चार ओळींचे एक शाब्दिक उदाहरण. तिला गुण नसावेत आणि तिच्यावरून कोणाला घरी पाठवू नये. ती फक्त शिक्षकासाठी. वेळापत्रकात आठवड्याला दोन तास सोबतीच्या वर्गाला राखून ठेवावेत, तेही शेवटची एसटी सुटण्याआधी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवावे, त्यात दोघांचेही शिक्षण होते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या शिक्षकांनाही या आखणीत बसवावे, कारण मुलांचे अडलेले अनेकदा त्यांनाच आधी दिसते. धरणाच्या साठ्याची तक्ता-वही, कालव्याचा विसर्ग, बाजार समितीतले टोमॅटोचे भाव यांवरून उदाहरणे तयार करावीत. आलेखाचा चढ म्हणजे काय, हे भाव पडलेल्या आठवड्यात सांगायला शब्द कमी लागतात.

आणि ज्यांची चाल मुळातच वेगवान आहे, त्यांच्यासाठी वरची दारेही उघडी असल्याचे पहिल्याच वर्षी सांगावे. प्राध्यापक श्रीराम अभ्यंकर यांनी पुण्यात १९७६मध्ये स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान, १९९३पासून चाललेला एमटीटीएस हा उन्हाळी गणित प्रशिक्षणाचा राष्ट्रीय उपक्रम, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीची माधव गणित स्पर्धा. ही नावे पुण्यातल्या मोठ्या महाविद्यालयांत सहज कानावर पडतात. घोडेगावच्या वसतिगृहात ती कोणीतरी मुद्दाम पोहोचवावी लागतात.

पालकांनीही एक करावे. प्रवेशाच्या वेळी आपण विचारतो, निकाल किती टक्के? हा निकाल परीक्षेला बसलेल्यांचा असतो. जे मधेच विषय सोडून गेले, ते त्यात कुठेच नसतात. त्याऐवजी विचारावे की तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला गणित घेतलेल्यांपैकी आज किती जण तिसऱ्या वर्षाला गणितात आहेत आणि बाकीचे कोणत्या सत्रात गळाले? हा आकडा काढायला दोन हजेरीपटांशिवाय काही लागत नाही. धरणात किती पाणी आले आणि शेपटापर्यंत किती पोहोचले, याची नोंद आपण दररोज ठेवतो. मुलांच्या बाबतीत ती वर्षातून एकदा ठेवली, तर गळती कुठे आहे ते दिसेल आणि पुढच्या जूनमध्ये जादा तास नेमका कोणत्या धड्याला द्यायचा, हेही ठरवता येईल.